मोजणारीचा उजवा हात

तिच्या वर्कशॉपात खांद्याच्या वर काहीही नव्हतं. राळेचे डबे, काचेच्या कापडाची भेंडोळी, सँडपेपर, ब्रश, पट्ट्या, सगळं कमरेच्या आसपास. भिंतींवर वरच्या बाजूला जुन्या खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. दिव्याचं बटणसुद्धा तिने खाली आणून घेतलं होतं. ते काम करायला आलेला इलेक्ट्रिशियन "घरात लहान मूल आहे का, ताई?" असं विचारून गेला. खडकावर आपटून पोट फाटलेले सर्फिंगचे बोर्ड लोक तिच्याकडे आणायचे, आणि ती ते असे जोडून द्यायची की मालकाने बोटांनी चाचपलं तरी सांधा सापडू नये. पण जोडलेला बोर्ड उंच घोडीवर चढवायचा असला की ती मुलीला हाक मारायची. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं.

डॉक्टरांनी तीन वेळा फोटो काढले. हाड ठीक, सांधा ठीक, शीर ठीक. तिसऱ्या खेपेला ते चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "बाई, या हाताला काहीही झालेलं नाही."

"मग बरंच आहे की," ती म्हणाली आणि पिशवी डाव्या खांद्याला अडकवून घरी आली. तिला ते आधीपासून माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी तो हात नको त्या वेळी वर गेला होता. त्यानंतर तिने त्याला तिकडे जाऊ दिलं नव्हतं.

हे समजायला खिंड समजून घ्यायला हवी. किनाऱ्यासमोर दोन खडक आहेत, थोरला आणि धाकटा, आणि दोघांच्या मधे पाण्याची एक अरुंद वाट. तीच खिंड. तिच्या पलीकडे लाटा अशा सुबक फुटतात की बघणाऱ्याचं भान हरपावं. पण तिकडे जायला वाट एकच. एरवी त्यात काही विशेष नाही, शाळकरी पोरंही पार करतात. खरी परीक्षा चक्रीवादळाच्या दिवसांत. वादळ तिकडे हजार-दीड हजार किलोमीटरवर भर समुद्रात घुमत असतं. इथे ऊन पडलेलं, वारा नाही, झाडाचं पान हलत नाही. आणि दोन-तीन दिवसांनी त्या वादळाने धाडलेल्या लाटा येऊन पोचतात. साध्या लाटा सात-आठ सेकंदांनी येतात, या सतरा-सतरा सेकंदांनी. पाच-सहा जणींचा घोळका येतो, दोन्ही खडकांवरून पाणी फेकून खिंड पार बुजवून टाकतो, आणि मग वीस-वीस मिनिटं काहीच नाही. नवखा माणूस म्हणतो, संपलं वाटतं. आणि नेमका तेव्हाच पाण्यात उतरतो.

खिंडीच्या तोंडाशी बोर्डवर बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नाही, खडक आड येतात. म्हणून वर टेकडीवर, नव्वद पायऱ्या चढून गेल्यावर एक चौथरा आहे, तिथे मोजणारा उभा राहतो. घोळक्यातल्या लाटा मोजायच्या. शेवटची गेली, क्षितिजाची रेघ सरळ झाली, की मनात चाळीसपर्यंत मोजायचं. मग उजवा हात सरळ वर. खालच्याने तो हात बघायचा आणि जीव खाऊन पाणी मारत निघायचं. हात वर आहे तोवर वाट मोकळी आहे. मोजणाऱ्याने बोलायचं नाही, वळायचं नाही, नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही, टोपी उडाली तर उडू द्यायची. आणि कुणी मोजत असताना पायऱ्या कुणी चढायच्या नाहीत. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण किनाऱ्यावर ते कुणी मोडतही नव्हतं. तिच्या सासूने तीस वर्षं मोजलं होतं, आणि सासूच्या मागे तिने.

अशाच एका वादळाच्या लाटेत तिचा नवरा गेला. तिसऱ्या दिवशी तो सापडला, त्याचा पिवळा बोर्ड मात्र कधीच सापडला नाही. "दादा उतावळा होता," असं त्याचा धाकटा भाऊ सांगायचा. भाऊ जीवरक्षक, आणि आता चौथऱ्यावर मोजायलाही तोच उभा राहायचा. किनाऱ्यावरच्या त्याच्या टपरीबाहेर दर मोसमात नवी पोरं जमायची, आणि तो त्यांना पहिल्या दिवशी तीच गोष्ट सांगायचा. "माझा सख्खा भाऊ. माझ्यापेक्षा दसपट चांगला. पण हात वर व्हायच्या आत निघाला. चार लाटा गेल्या, दोन यायच्या होत्या. धीर धरला असता तर आज इथे तुमच्यासमोर मी नाही, तो बोलत असता." वर्कशॉप टपरीपासून पन्नास पावलांवर होतं. हे सांगणं सुरू झालं की ती घासायचं मशीन चालू करायची, समोर घासायला बोर्ड असो वा नसो.

नवरा गेल्याच्या अकराव्या वर्षी वादळ आलं ते आधी बाटल्यांना कळलं. खालच्या फळीवर अॅसिटोनच्या चार बाटल्या ओळीने होत्या. सकाळी दहाच्या सुमारास त्या किणकिणल्या आणि थांबल्या. तिच्या हातातला ब्रश जागीच राहिला. न मोजण्याचा निश्चय करूनही ती मोजत गेली, आणि बरोबर सतराला बाटल्या पुन्हा वाजल्या.

तिने उठून शटर अर्ध्यावर ओढलं. अशा दिवशी ती समुद्राकडे बघत नसे. पहिल्याच वर्षी तिने बघितलं होतं. खिंडीच्या तोंडाशी, बुजत-उघडत असलेल्या त्या पाण्यात, तो पिवळ्या बोर्डवर पाय सोडून बसलेला होता. पाठ समुद्राकडे, तोंड वर, टेकडीकडे. काही मागत नव्हता, हातवारे करत नव्हता. फक्त वाट बघत होता, जशी हात वर होण्याची वाट तो नेहमी बघायचा. तिने डोळे चोळून पाहिलं, बाजूला जाऊन पाहिलं. दुसऱ्या वर्षीही तो होता, तिसऱ्याही. लाटा ओसरल्या की नाहीसा व्हायचा. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. सांगून करणार काय? लोकांनी हातासारखा डोक्याचाही फोटो काढायला लावला असता.

शटरखालून वाकून मुलगी आत आली. तिचं नाव काहीही असो, तिला सगळे मुंगीच म्हणायचे. लहानपणी मुंगीएवढी होती म्हणून. आता आईपेक्षा डोकंभर उंच झाली होती तरी नाव चिकटलं ते चिकटलं. काखेत तिचा लाल बोर्ड होता.

"वादळाच्या लाटा आल्यात," ती म्हणाली.

"कळलं मला. बाटल्यांनी सांगितलं."

"मी खिंडीतून जाणारे."

"काकाला विचार."

"काका माझ्यासाठी मोजणार नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, उतावळ्याची पोर आहेस, तुझ्यासाठी मी वर उभा राहायचा नाही." मुंगीने बोर्ड टेबलाला टेकवला. "वीस वर्षांची झाले, आई. बाकीचे सगळे जाऊन आले. नवी आलेली ती चष्मेवाली, जिला धड पोहता येत नाही, तीसुद्धा बाबांची गोष्ट मला ऐकवते. मला काही पराक्रम गाजवायचा नाहीये. मला तिथे बसायचंय आणि हात वर होईपर्यंत थांबून दाखवायचंय. बस."

"मग थांब की. कशाला जायला हवं?"

"तू मोज."

आईने ब्रश डब्यात ठेवला, पुन्हा उचलला. बाटल्या वाजल्या. "माझा हात वर जात नाही, माहितेय ना तुला."

"तू नाही म्हणालीस तर मी न मोजता जाईन," मुंगी म्हणाली. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. बापही असाच होता, भांडायचं झालं तर आवाज खाली आणायचा. मुलगी बोर्ड उचलून शटरखालून बाहेरही पडली, आणि तिच्यामागून आई निघाली तेव्हा हातमोजे काढायचंही तिला सुचलं नाही.

पायऱ्यांच्या तळाशी दीर आडवे उभे होते. लाल चड्डी, गळ्यात शिट्टी, छाती पुढे. ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण किनाऱ्यावर वाऱ्याआधी बातमी पळते.

"वहिनी, तुम्ही तरी हिला आवरा. एक जीव गेला तेवढा पुरे नाही झाला?"

"बाजूला व्हा, भाऊजी. मी मोजणारे."

"तुम्ही?" त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. "अहो, तुमचा हात तरी उठतो का? आणि उठला तरी ही त्याआधीच निघणार. बापावर गेलीये. दादाला सांगून सांगून थकलो होतो मी, धीर धर, धीर धर..."

"त्याने धीर धरला होता," ती म्हणाली.



तिला वाटलं होतं, हे कधी बोलायची वेळ आली तर तोंडातून शब्द फुटणार नाही. पण शब्द असे बाहेर पडले की जणू दाराशी चप्पल घालून तयारच होते. "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, वहिनी, तुम्ही हात केला होता का? मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले. मी हात केला होता. चार लाटा झाल्या होत्या आणि मी हात वर केला, आणि त्याने तो बघितला आणि तो निघाला. नेहमीसारखा. माझ्या हातावर विश्वास ठेवून."

"चार लाटांवर?" दिरांनी विचारलं. "तुम्ही? तुम्हाला मोजता येत नव्हतं की काय?"

तोंडाला पुन्हा कुलूप लागलं, कारण पुढचं सांगायचं तर ते मुलीच्या देखत सांगावं लागणार होतं. त्यासाठीच तर तेव्हा "नाही" म्हटलं होतं. कमरेला नऊ वर्षांची पोर घट्ट चिकटलेली, आणि दीर विचारतायत. खरं बोलली असती तर पुढचा प्रश्न आला असता, का केलात हात? आणि त्याचं उत्तर कमरेला चिकटून उभं होतं.

"मी हाक मारली होती," मुंगी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"आई टोपी घरी विसरली होती. ऊन खूप होतं. मी टोपी घेऊन आले आणि पायऱ्या चढले. चढायच्या नसतात हे मला ठाऊक होतं, काका. वरच्या वळणावरून मी ओरडले, आई! टोपी! आणि टोपी हलवली. आईने वळून मला हात केला." ती बोर्डच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. "मला वाटायचं आईला वाटतं की मला आठवत नाही. म्हणून मी आठवत नाही असंच दाखवलं."

"अगं," आई म्हणाली. अकरा वर्षं ती या पोरीला ज्या गोष्टीपासून झाकत आली, ती पोर त्याच गोष्टीवर झोपत होती आणि उठत होती, आणि एका ताटात जेवणाऱ्या दोघींनी एकमेकींना पत्ता लागू दिला नव्हता. तिला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचा. तिने हातमोजा काढून मुलीच्या गालावर हात ठेवला. राळेचा वास होता हाताला, पण मुंगीने तोंड वळवलं नाही.

अकरा मोसम, दर मोसमाला वीस-पंचवीस पोरं. त्या प्रत्येकासमोर दिरांनी भावाला उतावळा ठरवलं होतं. ते सर्वात खालच्या पायरीवर बसले, ऐसपैस, दोन्ही गुडघे बाहेर काढून, अशा बेताने की बाजूने मांजरही जाऊ नये.

"जा वर," ते म्हणाले. "मी इथे बसलोय. तुमचं होईपर्यंत इथून कुणी वर येत नाही. काळ आला तरी येणार नाही."

नव्वद पायऱ्या चढून ती चौथऱ्यावर आली तेव्हा तिला धाप लागली होती. कठड्याचं लोखंड उन्हाने तापलं होतं. समुद्र तव्यासारखा सपाट, कुठे पांढरा ठिपका नाही. तिने आधी क्षितिजाकडे बघितलं. मग मनाचा हिय्या करून खाली.

मुंगी खिंडीच्या तोंडाशी पोचली होती, लाल बोर्डवर बसून वर बघत होती. तिच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, तो बसला होता. पिवळा बोर्ड, पाण्यात सोडलेले पाय, वर केलेलं तोंड. इतक्या उंचीवरून चेहरा दिसत नाही, पण मान जराशी तिरकी करायची त्याची सवय दिसत होती. दोघं शेजारी शेजारी बसलेले, आणि मुंगीला त्याचा पत्ता नाही.

मग क्षितिजाची रेघ फुगली.

पहिली लाट आली तशी चौथरा पायाखाली हादरला. दोन्ही खडक पांढरे झाले, खिंड दिसेनाशी झाली, आणि पाणी ओसरलं तेव्हा लाल बोर्ड जागेवर होता, पिवळाही. दुसरी. मुंगी लाटेच्या फेसाखाली बुडी मारून वर आली, केस मागे सारून पुन्हा वर बघू लागली. तिसरी सर्वात मोठी होती. चौथी तिच्यामागोमाग.

चार.

"आई!"

आवाज मागून आला, पायऱ्यांच्या वरच्या वळणावरून. बारीक, धाप लागलेला, नऊ वर्षांच्या पोरीचा.

"आई! टोपी!"

तिचा उजवा हात कठड्यावरून सुटला. तिने सोडला नव्हता, तो आपणहून सुटला आणि वर निघाला, कमरेपासून छातीपर्यंत, जसा कुठल्याही आईचा हात कुठल्याही हाकेला निघतो. खाली पायरीवर भाऊजी बसलेत, ती स्वतःला म्हणाली. वर कुणी आलेलं नाही. माझी मुलगी मागे नाही, खाली आहे, पाण्यात आहे, वीस वर्षांची आहे. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि दोन्ही हात पोटाशी दाबून धरले.

"आई, बघ ना गं. मी टोपी आणली."

आवाज आता जवळ होता. शेवटच्या पायरीवर. छोट्या चपलांचा फटफट आवाज तिला ओळखीचा होता, त्यातली एक थोडी सैल होती. मान वळवावी म्हणून सगळा जीव मागे ओढत होता. एकदा वळलं असतं तर ती लहानगी पुन्हा दिसली असती, उन्हाने लाल झालेली, स्वतःवर खूश. तिला जवळ घेऊन सांगता आलं असतं की तुझी काही चूक नाही, बाळा. ते तेव्हा सांगायचं राहून गेलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिने मान वळवली नाही आणि डोळे मिटले नाहीत, कारण क्षितिजावर पाचवी उभी राहिली होती.

पाच.

खिंड बुजली. याच लाटेने तेव्हा त्याला नेलं होतं. फेस विरला तेव्हा दोन बोर्ड होते, लाल आणि पिवळा. दोघंही वर बघत होते. कुणीही निघालं नव्हतं.

सहा.

मागचा आवाज थांबला. कुणीतरी तिच्या पाठीमागे उभं राहून तिच्याबरोबर समुद्र बघत असल्यासारखं तिला वाटलं, अगदी पदराला लागून. क्षितिजाची रेघ सरळ झाली. तिने मोजायला सुरुवात केली. घाई केली नाही. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

चाळीसला तिने मनगट सोडलं. हात छातीपाशी आला, खांद्यापाशी आला आणि तिथे अडला. अकरा वर्षांची सवय होती. तिने ओठ दाबून तो वर ढकलला, आत काहीतरी कुरकुरलं, आणि हात सरळ झाला, बोटांच्या टोकांपर्यंत.

मुंगी क्षणभर थांबली. खरंच थांबली, तिने हात नीट बघून घेतला. मग पोटावर झोपून पाणी मारत निघाली. तिच्या मागोमाग पिवळा बोर्ड वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्याची पाठ दिसली.

लाल बोर्ड धाकट्या खडकाला वळसा घालून मोकळ्या खोल पाण्यात गेला. तिकडे पोचल्यावर मुंगी उठून बसली आणि दोन्ही हात हवेत उडवून काहीतरी ओरडली. खालून दिरांची शिट्टी वाजली, एकदा, दोनदा, आणि मग त्यांचा आवाज, अर्धा हसरा आणि अर्धा भरून आलेला.

"पोचली! वहिनी, पोर पोचली पलीकडे! हात खाली घ्या आता!"

तिने हात खाली घेतला नाही. पिवळा बोर्ड अजून खिंडीच्या मध्यावर होता. तो कधीच फार भरभर जायचा नाही. उतावळा तर मुळीच नव्हता.

"वहिनी! ऐकू येतंय ना? झालं! आता खिंडीत कुणी नाही!"

"थांबा जरा, भाऊजी," ती ओरडून म्हणाली. मोजणारीने बोलायचं नसतं, पण सांगणं भाग होतं. "त्याला पोचू द्या."

तिने हात तसाच धरून ठेवला आणि खांदा आता खरोखरच दुखायला लागला होता.